गाडी पळताच ब्लूटूथ तुटतं? आधी व्होल्टेज मोजा

फोनवरून ब्लूटूथने चालवायची, किटमधून बांधलेली छोटी गाडी. टेबलावर सगळं नीट चालतं. फोनवर ‘पुढे’ दाबलं की चाकं फिरतात, सोडलं की थांबतात. तीच गाडी फरशीवर ठेवली की एक हिसका देते आणि गप्प होते. फोनवर ‘डिस्कनेक्टेड’ येतं. शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की सोलापुरातल्या मुलांकडून हे हमखास ऐकायला मिळतं: “सर, गाडी चालू होऊलालीय अन् लगेच ब्लूटूथ तुटूलालंय.” मग नवं मॉड्यूल विकत आणलं जातं, ॲप बदललं जातं, कोड पुन्हा पुन्हा चढवला जातो. खरा दोष बहुतेक वेळा बॅटरीत, स्विचमध्ये नाहीतर एखाद्या सैल स्क्रूखाली असतो.

या लेखात डोळ्यांसमोर आहे ते सगळीकडे मिळणारं किट: आर्डुइनो उनो किंवा नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या आज्ञेवर मोटरींना पॉवर देणारं सर्किट), पिवळ्या गिअरच्या दोन किंवा चार बीओ मोटरी, एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल आणि सेलचा होल्डर. अटल टिंकरिंग लॅबच्या पेट्यांतही थोड्याफार फरकाने हेच सामान असतं. हाताशी एक साधा डिजिटल मल्टीमीटर हवा. मीटर नसेल तर नवं मॉड्यूल घेण्याआधी मीटर घ्या. एका वाया गेलेल्या मॉड्यूलच्या पैशात जवळजवळ तो येतो आणि पुढची कित्येक वर्षं कामाला येतो.

आधी फक्त बघा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोष नेमका कधी दिसतो ते वहीत लिहा. मोटर सुरू होताना? दिशा बदलताना? दहा मिनिटं चालवल्यावर? गाडी लांब गेल्यावर? ही चार उत्तरं चार वेगळ्या कारणांकडे नेतात. मोटर सुरू होताना किंवा दिशा उलटताना गाडी बंद पडत असेल तर पॉवर कमी पडते आहे. थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि पुढे जाणारी मोटर झटक्यात उलटी फिरवली तर त्याहूनही जास्त. दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर सेल उतरलेत किंवा एखादा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) तापतोय. लांब गेल्यावरच तुटत असेल तर मात्र संपर्काचा दोष धरून चालायला हरकत नाही.

मग एचसी-०५ वरच्या एलईडीकडे बघा. जोडणी झालेली नसताना तो भराभर लुकलुकतो. जोडणी झाली की दोनदा चमकतो, थांबतो, पुन्हा दोनदा चमकतो. गाडी बंद पडली त्या क्षणी हा एलईडी पुन्हा भराभर लुकलुकायला लागला, तर मॉड्यूलची स्वतःची पॉवर गेली किंवा रेडिओचा दुवा तुटला. गाडी थांबली पण एलईडी शांतपणे दोनदा-दोनदा चमकतोच आहे, तर ब्लूटूथ शाबूत आहे. एक तर आर्डुइनो रीसेट झाला किंवा कोड कुठेतरी अडकला.

रीसेट होतोय का हे पकडायची सोपी युक्ती आहे. कोडच्या सेटअप भागात १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी तीनदा सावकाश लुकलुकवा. सेटअप फक्त बोर्ड सुरू होताना एकदा चालतो. गाडी पळत असताना मध्येच ते तीन लुकलुक दिसले तर बोर्ड पुन्हा सुरू झाला, यात शंका उरत नाही. उनोच्या चिपमधलं राखण करणारं सर्किट व्होल्टेज २.७ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड रीसेट करतं. ही घसरण काही मिलिसेकंदांचीच असते, साधा मीटर ती दाखवतच नाही. म्हणून ही लुकलुक मीटरपेक्षा खात्रीची साक्ष देते. किटमध्ये आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड असेल तर काम आणखी सोपं. तो सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी संगणकावरची खिडकी) स्वतःच ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’, म्हणजे व्होल्टेज कोसळलं, असं लिहून पाठवतो.

तीन चाचण्या, याच क्रमाने

पहिली: मोटरच्या वायरी ड्रायव्हरमधून काढा, बॅटरी काढा, आर्डुइनो फक्त यूएसबीवर चालवा. फोन जोडा, आज्ञा पाठवा आणि सिरियल मॉनिटरवर ती अक्षरं उमटतात का पाहा. इथेच अडलं तर दोष जोडणीत, ॲपमध्ये किंवा कोडमध्ये आहे. खालचा ब्लूटूथचा भाग वाचा.

दुसरी: यूएसबी काढा, बॅटरी लावा, मोटरी अजून सुट्याच ठेवा. पहिली चाचणी पास आणि ही नापास, म्हणजे बॅटरीपासून बोर्डापर्यंतच्या वाटेत काहीतरी आहे.

तिसरी: मोटरी जोडा. गाडी एखाद्या डब्यावर अशी ठेवा की चाकं हवेत राहतील आणि आज्ञा द्या. हवेत चालली तर जमिनीवर ठेवा. हवेत चालते आणि जमिनीवर बंद पडते, म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज कोसळतंय. ही तिसरी चाचणी घरात अंथरलेल्या चादरीवर करू नका. सोलापुरी चादरीच्या जाड विणीत छोटी चाकं रुततात आणि मोटर फरशीवरच्यापेक्षा बराच जास्त करंट घेते. आधी साधी फरशी.

तीन चाचण्यांना दहा मिनिटं लागतात. त्या टाळून थेट कोडला हात घातला की दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि मग कोणता उपाय लागू पडला ते कधीच कळत नाही.

मीटर कुठे लावायचा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, ते आधी बघा. तशी राहिली आणि बॅटरीला टोकं लावली तर सरळ शॉर्ट होतो.

नुसती पडलेली बॅटरी मोजून काहीच कळत नाही. उतरलेले सेलही भार नसताना चांगला आकडा दाखवतात. मोजायचं ते मोटर चालू असताना, शक्यतो एका हाताने चाक क्षणभर दाबून धरून. दोन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात. मोजायच्या जागा चार: सेल होल्डरची टोकं, स्विचच्या पुढची बाजू, ड्रायव्हरचे स्क्रू आणि आर्डुइनोची ५ व्होल्टची पिन.

आठवीतल्या एका मुलीच्या गाडीचं उदाहरण घेतो. दोन १८६५० सेल (रिचार्जेबल लिथियम सेल), नुकतेच चार्ज केलेले. भार नसताना होल्डरवर ८.१ व्होल्ट. चाक धरल्यावर होल्डरवर ७.२, म्हणजे सेल ठीकठाक. पण त्याच वेळी ड्रायव्हरच्या स्क्रूवर ६.१. मधल्या वीतभर वाटेत १.१ व्होल्ट गळत होते. मग मीटरचं एक टोक स्विचच्या आत येणाऱ्या पायाला आणि दुसरं बाहेर जाणाऱ्या पायाला लावलं. चांगल्या स्विचवर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, मीटरने ०.७ दाखवले. किटबरोबर येणारा तो इवलासा सरकता स्विच एवढा करंट पेलण्यासाठी नसतोच. उरलेल्या ०.४ व्होल्टचा हिशेब स्क्रूखाली सापडला. वायरचं प्लॅस्टिक पुरेसं सोललेलं नव्हतं आणि स्क्रू तांब्याऐवजी प्लॅस्टिकवरच आवळला गेला होता. तांब्याच्या दोन-तीन तारा तेवढ्या कडेने टेकत होत्या. स्विच बदलला, वायर नीट सोलून, पिळून पुन्हा लावली आणि गाडी फरशीवर पळाली. ब्लूटूथ मॉड्यूल होतं तेच राहिलं.

भार असताना ५ व्होल्टच्या पिनवर किमान ४.७ ते ४.८ व्होल्ट टिकायला हवेत. मीटर ४.५ च्या खाली दाखवत असेल तर आतल्या क्षणिक घसरणी त्याहून खोल असणार हे धरून चाला.

किटचा हिशेब मुळातच तोकडा असतो

हा भाग सावकाश वाचा, कारण पुष्कळ किटांत सगळे भाग शाबूत असूनही गाडी चालत नाही, त्याचं कारण इथे आहे.

किटबरोबर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. तिच्या आत सहा चिमुकले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नव्या अल्कलाइन बॅटरीचाही अंतर्गत रोध दीड-दोन ओहमच्या घरात असतो, साध्या झिंक-कार्बनचा त्याहून जास्त. दोन बीओ मोटरी एकदम सुरू झाल्या की मिळून अँपिअरच्या वर सहज जातात. एका अँपिअरला दोन ओहम म्हणजे दोन व्होल्ट बॅटरीच्या पोटातच गेले, तेही पहिल्या दिवशी. ही बॅटरी सेन्सरला, मीटरला चांगली. मोटरीला ती लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी नेहमीची मांडणी म्हणजे चार एए सेल, ६ व्होल्ट. रिचार्जेबल सेल घातले तर दर सेलला १.२ प्रमाणे ४.८ व्होल्टच. आता एल२९८एन बघा. ही चिप जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांची आहे. एका अँपिअरला ती स्वतःच १.८ ते ३.२ व्होल्ट खाते. म्हणजे ६ व्होल्टमधले मोटरीला मिळाले जेमतेम चार. एवढ्यावर भागत नाही. या बोर्डावरचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर नीट चालायला आत साधारण ७ व्होल्ट लागतात. ६ व्होल्ट दिले की बाहेर चारच्या आसपास येतात. आणि किटच्या आकृतीत आर्डुइनोची पॉवर नेमकी तिथूनच घेतलेली असते! इमारतीत खालच्या मजल्यांचे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावरची धार तुटते, तसं मोटरी सुरू झाल्या की आर्डुइनो उपाशी राहतो.

एल२९८एनच्या जंपरविषयीही (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) गोंधळ असतो. रेग्युलेटरजवळचा जंपर लावलेला असेल तर ५ व्होल्टचा स्क्रू बाहेर पॉवर देतो. तिथे बाहेरून आणखी ५ व्होल्ट देऊ नका. मोटरची पॉवर १२ व्होल्टच्या वर असेल तर जंपर काढायचा आणि त्या स्क्रूवर बाहेरून ५ व्होल्ट द्यायचे. ‘ईएनए’ आणि ‘ईएनबी’ यांवरचे जंपर वेगळे. ते काढले आणि तिथे वेग ठरवणारी वायर जोडली नाही, तर त्या बाजूची मोटर हलत नाही.

काय बदलायचं

पहिला आणि सर्वांत मोठा फरक पडतो तो दोन १८६५० सेल घेतल्याने. पूर्ण चार्ज ८.४, सर्वसाधारण ७.४ व्होल्ट. यातून एल२९८एनचा वाटा जाऊनही मोटरीला पाच-साडेपाच मिळतात.

दुसरं, आर्डुइनोला आणि सर्व्होला (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) वेगळी ५ व्होल्टची वाट द्या. एलएम२५९६ चा छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारं सर्किट) यासाठी पुरतो. जोडण्याआधी त्याला नुसती बॅटरी लावून बाहेरचं व्होल्टेज मीटरवर बरोबर ५ वर आणा. त्यावरचा पितळी स्क्रू बरेच फेरे फिरवावा लागतो, सुरुवातीला आकडा हलत नाही म्हणून घाबरू नका. हे न करता थेट जोडला तर आलेलं सगळं व्होल्टेज ५ व्होल्टच्या पिनवर जाईल आणि बोर्ड जळेल.

एसजी९० सारखी निळी छोटी सर्व्होसुद्धा अडकली की अर्ध्या अँपिअरच्या वर जाते. तिची लाल वायर आर्डुइनोच्या पिनवरून काढून बक कन्व्हर्टरवर न्या. सर्व्हो थरथरते, मध्येच बोर्ड रीसेट होतो, या तक्रारी तेवढ्याने मिटतात. उनोला १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालवून त्याच्याच ५ व्होल्टमधून सगळं ओढणारेही भेटतात. हिशेब करा: ७ व्होल्टचा फरक गुणिले ०.२ अँपिअर म्हणजे १.४ वॉट उष्णता, तीही नखाएवढ्या रेग्युलेटरवर. तो तापून स्वतःला बंद करतो, गार झाला की पुन्हा सुरू. ‘दहा मिनिटांनी बंद पडते’ या दोषाची चौकशी इथून करा.

तिसरं, ड्रायव्हरच्या पॉवर स्क्रूंवर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, १६ किंवा २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. पट्टी असलेला पाय ऋण बाजूला. उलटा लावला तर तो फुगतो, फुटतो. क्षणिक घसरण हा कपॅसिटर भरून काढतो. उतरलेल्या बॅटरीला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

नवीन गाडी बांधत असाल तर एल२९८एनऐवजी टीबी६६१२ घ्या. त्यात मॉसफेट (नव्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर) आहेत, एका अँपिअरला तो अर्ध्या व्होल्टच्या आसपासच खातो. बीओ मोटरींना तो उत्तम जुळतो.

आणि मोटरीचा भार कमी करणं हाही पॉवरचाच उपाय आहे. पूर्व भागात ज्या घरांतून यंत्रमाग चालतात तिथल्या मुलांच्या गाड्या उलट्या करून बघा. चाकाच्या आसाभोवती सुताचे तंतू घट्ट गुंडाळलेले दिसतात. जोर लावल्याशिवाय चाक हाताने फिरत नाही आणि तोच जोर मोटरीला सतत लावावा लागतो. चाक काढा, चिमट्याने तंतू ओढा, आस पुसा. एरवी घरातले केसही हेच करतात.

लिथियम सेल आणि सोलापूरचा उन्हाळा

इथे मी कडक बोलणार आहे. १८६५० सेलला थेट सोल्डर करू नका, होल्डर वापरा. सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका. दर सेलचं व्होल्टेज ३.० च्या खाली जाऊ देऊ नका. फार दिवस पडून २ च्या खाली गेलेला सेल पुन्हा जिवंत करायच्या फंदात पडू नका. टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल एका सेलसाठी असतं. दोन सेल एकापुढे एक जोडून त्याला लावायचे नाहीत. सेल बाहेर काढून एकेक चार्ज करा किंवा दोन सेलसाठीचं बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट) आणि ८.४ व्होल्टचा चार्जर घ्या.

बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. सेल रात्री किंवा पहाटे, फरशीवर, कुणाच्या तरी नजरेसमोर चार्ज करा. गाडी स्कूटीच्या डिकीत ठेवून ती उन्हात उभी करणं टाळा. आवरण फाटलेला सेल किंवा फुगलेली लिपो बॅटरी वापरातून काढा.

सगळ्यांचा ग्राउंड एक

आर्डुइनोला एक बॅटरी, मोटरीला दुसरी, हे चांगलंच. पण दोन्हींच्या ऋण वायरी, म्हणजेच ग्राउंड, एकत्र जोडलेल्या असायलाच हव्यात. तसं नसेल तर आर्डुइनो ‘५ व्होल्ट’ म्हणून पाठवतो ते ड्रायव्हरला कशाच्या तुलनेत पाच हे कळत नाही. मोटरी मधूनच फिरतात, आपोआप थांबतात, हात लावला की वागणं बदलतं. मीटर बझरवर ठेवा आणि पॉवर बंद करून आर्डुइनोचा ग्राउंड, ड्रायव्हरचा ग्राउंड, ब्लूटूथचा ग्राउंड यांच्यात आवाज येतो का तपासा. ब्रेडबोर्डच्या कडेची लांब पट्टी काही बोर्डांत मध्येच तुटलेली असते. डावीकडचा ग्राउंड उजवीकडे पोचलाय असं गृहीत धरू नका.

यूएसबी: कोडच चढत नाही

केबल बदला, हा पहिला उपाय. चार्जिंगच्या पुष्कळ केबलांत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डाचा दिवा लागतो पण संगणकावर पोर्ट दिसत नाही. स्वस्त नॅनो-उनोवर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (मोटरचा नव्हे, संगणकातला प्रोग्रॅम) विंडोजवर टाकावा लागू शकतो. उबुंटू २२.०४ वर ‘बीआरएलटीटीवाय’ हा ब्रेल पडद्यासाठीचा प्रोग्रॅम सीएच३४० चा पोर्ट बळकावतो. ब्रेल पडदा वापरत नसाल तर तो काढून टाका. लिनक्सवर तुमचं नाव ‘डायलआउट’ गटात आहे ना तेही बघा.

पोर्ट दिसतो, पण ‘नॉट इन सिंक’ असा संदेश येतो? ब्लूटूथच्या वायरी ० आणि १ नंबरच्या पिनांवर असतील तर आधी त्या काढा. यूएसबीही याच पिना वापरतो, दोघं एकाच तारेवर बोलू शकत नाहीत. नॅनो असेल तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. तरीही नाही, तर बोर्ड तपासायचा: रीसेट पिन ग्राउंडला जोडा, ० आणि १ एकमेकांना जोडा आणि सिरियल मॉनिटरवर काही टाइप करून पाठवा. तेच शब्द परत आले तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप तिन्ही ठणठणीत आहेत. दोष पुढच्या चिपमध्ये किंवा निवडलेल्या बोर्डाच्या नावात आहे.

ब्लूटूथ: आता खरोखर ब्लूटूथ

फोनला मॉड्यूल दिसतच नसेल तर फोन कोणता ते विचारा. एचसी-०५ जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ बोलतं, आयफोनच्या ॲपना त्याच्याशी अशी सिरियल जोडणी करता येत नाही. त्यासाठी एचएम-१० सारखं बीएलई (नव्या पद्धतीचं ब्लूटूथ) मॉड्यूल लागतं. आणि ते उलट सेटिंगमध्ये शोधायचं नसतं, ॲपमधूनच जोडायचं असतं. पेअर करताना पासवर्ड १२३४, नाहीतर ००००.

पेअर झालं, जोडलं गेलं, पण गाडी ऐकत नाही. वायरी बघा: मॉड्यूलचा टीएक्स (पाठवणारा पाय) आर्डुइनोच्या आरएक्सला (ऐकणारा पाय) आणि आरएक्स टीएक्सला, म्हणजे उलटसुलट. मॉड्यूलचा आरएक्स ३.३ व्होल्टचा असतो. आर्डुइनोकडून येणाऱ्या वायरीत १ किलोओहम आणि तिथून ग्राउंडला २ किलोओहम लावा, पाचाचे ३.३ होतात. २ किलोओहमचा रोधक नसेल तर १ किलोओहमचे दोन एकापुढे एक जोडा. हे न करताही गाडी काही दिवस चालते, म्हणून लोक टाळतात. मॉड्यूल मात्र धोक्यात राहतं.

मॉड्यूल खरंच चांगलं आहे का? आर्डुइनोकडे जाणाऱ्या टीएक्स आणि आरएक्सच्या दोन्ही वायरी काढा आणि मॉड्यूलचे हे दोन पाय एकमेकांना जोडा. फोनवर एखादं ब्लूटूथ टर्मिनल ॲप उघडून कोणतंही इंग्रजी अक्षर पाठवा. तेच परत आलं तर फोन आणि मॉड्यूल दोन्ही निर्दोष. पुढचा शोध फक्त आर्डुइनोच्या बाजूला.

मॉनिटरवर चित्रविचित्र चिन्हं उमटत असतील तर वेग जुळत नाही. एचसी-०५ साधारणपणे ९६०० वर बोलतं. कोडमध्येही ९६०० हवेत आणि मॉनिटरच्या कोपऱ्यातही कोडमधलाच वेग. सॉफ्टवेअर सिरियल वापरत असाल तर ९६०० वरच राहा, फार वर गेलात तर अक्षरं गळतात. चिन्हं बरोबर आहेत पण गाडी हलत नाही, तर ॲप मोठं एफ पाठवतंय आणि कोड छोट्या एफची वाट बघतोय, असं बऱ्याचदा निघतं. ॲप प्रत्येक अक्षरामागे नव्या ओळीची चिन्हंही जोडतंय का, तेही बघा. ती कोडने दुर्लक्षित करायला हवीत.

मॉड्यूलचं नाव बदलणं प्रदर्शनासाठी अत्यावश्यक आहे. एका हॉलमध्ये पंधरा-वीस ‘एचसी-०५’ असले की कोण कोणाची गाडी चालवतंय ते कळत नाही. मॉड्यूलवरचं छोटं बटण दाबून धरून पॉवर द्या. एलईडी दर दोन सेकंदांनी सावकाश चमकला की तो आज्ञा घ्यायला तयार आहे. आता वेग ३८४०० आणि मॉनिटरमध्ये ‘बोथ एनएल अँड सीआर’ ठेवा. एटी लिहून पाठवलं की ओके येतं, मग नाव आणि पासवर्ड बदला.

कोडमध्ये एक गोष्ट सगळ्यांनी घालावी: अर्ध्या सेकंदात नवी आज्ञा आली नाही तर मोटरी बंद. जोडणी तुटली तरी गाडी भिंतीवर किंवा कुणाच्या पायावर जाणार नाही. यासाठी ॲपने बटण दाबलेलं असेपर्यंत आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवायला हवी. काही ॲप एकदाच पाठवतात, ती यासाठी चालत नाहीत.

पॉवर ठीक, वायरी ठीक, तरीही गडबड

मोटरीतले ब्रश सतत ठिणग्या पाडतात आणि तो विजेचा गोंगाट वायरींतून सगळीकडे पसरतो. प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. मोटरीच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळा आणि सेन्सरच्या वायरींपासून लांब न्या. ब्लूटूथ मॉड्यूलची नागमोडी अँटेना गाडीच्या बाहेरच्या कडेला, धातूपासून दूर ठेवा. चासी धातूची असेल तर आर्डुइनोच्या खाली प्लॅस्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठा हवा, नाहीतर खालचे सोल्डरचे ठिपके चासीला टेकून शॉर्ट होतात.

एनआरएफ२४एल०१ रेडिओ वापरत असाल तर तो ३.३ व्होल्टवरच, आणि त्याच्या पॉवरच्या पायांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून. लांब अँटेनावाल्याला उनोची ३.३ ची पिन पुरत नाही.

मग कोडमधले छुपे वाद. उनोवर सर्व्होची लायब्ररी घेतली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करणारे स्पंद) बंद होतं. मोटरीचा वेग ठरवणारी वायर तिथे असेल तर सर्व्हो जोडताच त्या बाजूची मोटर बिघडते आणि मुलं पॉवरला दोष देतात. ती वायर ५ किंवा ६ वर न्या. ‘टोन’ वापरून बझर वाजवला तर ३ आणि ११ वर असाच परिणाम होतो. अल्ट्रासॉनिक सेन्सरसाठी वापरायच्या ‘पल्सइन’ला वेळेची मर्यादा दिली नाही तर समोर काही नसताना ती एक सेकंदापर्यंत सगळं अडवून बसते आणि ब्लूटूथ ‘अडकल्यासारखं’ वाटतं. ३०,००० मायक्रोसेकंद द्या, पाच मीटरला ते पुरतात. एलसीडी कोरी दिसत असेल तर मागचा निळा स्क्रू फिरवा. तरी नाही, तर पत्ता ०एक्स२७ ऐवजी ०एक्स३एफ करून पाहा.

उन्हात प्रात्यक्षिक असेल तर दोन गोष्टी. सूर्यप्रकाशात भरपूर अवरक्त किरण असतात, त्यामुळे लाइन फॉलोअरचे (रेषेवरून चालणारी गाडी) सेन्सर आणि आयआर रिमोट दोन्ही गोंधळतात. सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावा आणि त्याचा स्क्रू प्रत्यक्ष जागेवरच जुळवा. दुसरी गोष्ट: गरम हवेत आवाज वेगाने जातो. ५८ ने भागण्याचं नेहमीचं सूत्र ४२ अंशांना एक मीटरच्या अंतरात तीन सेंटिमीटरने कमी दाखवतं. अडथळा टाळणाऱ्या गाडीला याने फरक पडत नाही, अंतर मोजण्याच्या प्रकल्पाला पडतो.

ड्रायव्हर गेला, हे कधी म्हणायचं

एल२९८एन बदलायचं ठरवण्याआधी हे करा. ‘ईएन’ जंपर लावलेला ठेवा, दोन इनपुट वायरी आर्डुइनोतून काढा, एक ५ व्होल्टला आणि एक ग्राउंडला धरा. मोटर एका दिशेला फिरायला हवी. अदलाबदल केली की उलट. दोन्ही दिशांना फिरली तर ड्रायव्हर चांगला आहे, कोड किंवा पिनांचे नंबर तपासा. एकाच दिशेला फिरली तर चिपचा अर्धा भाग जळालेला आहे. तीच मोटर दुसऱ्या बाजूच्या स्क्रूवर लावून खात्री करा. दोन्ही बाजूंना काहीच नाही, तर मोटर थेट सेलला लावून बघा, कारण बीओ मोटरीच्या पत्र्याच्या पायांवरचं सोल्डर आतल्या आत सुटलेलं असू शकतं आणि ते जोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मोटर चांगली, पॉवरच्या स्क्रूवर व्होल्टेज बरोबर, रेग्युलेटरचे ५ व्होल्ट येतात आणि तरीही हालचाल नाही, तेव्हाच नवा ड्रायव्हर आणा. आणि तो बसवण्याआधी जुना का जळाला ते शोधा: मोटरीच्या दोन वायरी कुठे एकमेकींना टेकतायत का, आणि चाक हाताने मोकळं फिरतंय का.